रेकॉर्डर माझ्याकडे सरकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. वाचलंत की तुम्हाला कळेलच. आघातातून गेलेली माणसं थेरपीनं कशी सावरतात, यावरच्या तुमच्या अभ्यासासाठी मी तुमच्याशी बोललो होतो. प्रबंध पूर्ण झाल्याचं परवा कळलं आणि राहवलं नाही.

बोलणं सुरू होण्याआधी तुम्ही रेकॉर्डर माझ्याकडे सरकवलात. "बंद करावासा वाटला तर करा. मला विचारायचं नाही, कारणही सांगायचं नाही." माझं वाक्य अर्धं असतानाच मी तो बंद केला. अडचण काहीच नव्हती, तुम्ही शब्दाला जागता का ते बघायचं होतं. तुम्ही पेन खाली ठेवलंत. घड्याळाकडे पाहिलं नाहीत, "ठीक आहात ना?" असंही विचारलं नाहीत. खिडकी उघडू का, एवढंच विचारलंत आणि बसून राहिलात. मी पुन्हा सुरू केला तेव्हा राहिलेलं वाक्य पुरं करायला लावलं नाहीत.

कुणाला हे किरकोळ वाटेल. ज्याच्यावर तसलं काही गुदरलंय त्याला वाटणार नाही. त्या वेळी तुम्ही "थांबा" म्हणता आणि कुणी थांबत नाही. मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचे टप्पे मांडले, त्यात पहिला सुरक्षिततेचा आहे. आपल्या आयुष्याची सूत्रं आपल्याच हाती परत येणं हा त्याचा गाभा. पुस्तकातलं हे वाक्य तुम्ही त्या खोलीत वागून दाखवलंत.

तुमच्याआधीही एक गृहस्थ अभ्यासासाठी आले होते. वीस प्रश्न, गेल्या महिन्याभरात कशाचा किती त्रास झाला, प्रत्येकाला ० ते ४ गुण. त्या प्रश्नावलीला मी नावं ठेवत नाही. माझ्या थेरपिस्टही तीच वापरायच्या, आणि ८० पैकीचा आकडा उतरत गेला तसा मला धीर येत गेला. पण त्या गृहस्थांनी खुणा केल्या आणि मग "नेमकं काय घडलं, जरा सविस्तर सांगा" म्हणाले. माझे हात थरथरत होते तरी त्यांचं लिहिणं थांबलं नाही. सही घेतली, गेले. त्यानंतरच्या रात्री मी कशा काढल्या हे विचारायला साधा फोन नाही, निष्कर्ष काय निघाला तेही आजवर कळलेलं नाही. "झालं गेलं विसरून जा" हा सल्ला फी घेऊन देणारे समुपदेशक त्याच्याही आधीचे.

काय घडलं हे तुम्ही विचारलंच नाहीत. थेरपीत काय झालं ते विचारलंत. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या थेरपीच्या पद्धतीत डोळे मिटून, आत्ता घडतंय असं समजून सगळं सांगायचं असतं, आणि त्याचं रेकॉर्डिंग घरी पुन्हा पुन्हा ऐकायचं असतं. "स्वतःचाच आवाज ऐकताना कसं वाटायचं?" असं तुम्ही विचारलंत. आजवर हे कुणी विचारलं नव्हतं. सुरुवातीला तो आवाज नकोसा व्हायचा, लाज वाटायची. मग एके दिवशी ऐकता ऐकता त्या बोलणाऱ्या माणसाची कीव नाही, माया वाटली. तो माणूस मीच होतो. हे ० ते ४ मध्ये कुठं बसवणार? तुम्ही ते जसंच्या तसं उतरवून मला वाचायला पाठवलंत, नको ते खोडा म्हणालात. मी खोडलेला परिच्छेद प्रबंधात खरोखरच नाही.

जगात विचारून आत येणारी माणसं आहेत. ती मोठमोठं बोलत नाहीत, म्हणून त्यांची गणती होत नाही. पण मोडलेली माणसं त्यांच्याच आधारानं उभी राहतात, असं मी आता छातीठोकपणे सांगतो.

थेरपी अर्ध्यावर सोडणाऱ्यांवर पुढचं काम करणार आहात असं ऐकलं. नक्की करा. मीही मध्ये सोडली होती, आणि का सोडली हे सांगायची माझी आता तयारी आहे. कधीही फोन करा.

तुमचा ऋणी,
अभ्यासातला एक सहभागी