आम्ही नियम पाळतो, तीच तर अडचण आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला पॅकेजिंगच्या कचऱ्यावरचा लेख वाचला. ‘कंपन्या नियम धाब्यावर बसवतात’ हे त्यातले वाक्य तुम्ही मुद्दाम चौकटीत, जाड ठशात छापले आहे. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून ऑफिसला निघण्याआधी हे पत्र लिहायला बसले. उशीर झाला तर पाप तुमच्या माथी.

कोण बसवते हो धाब्यावर? घरातल्या सफाईची द्रावणे करणाऱ्या एका कारखान्यात मी हिशेब सांभाळते. कारखाना सूक्ष्मही नाही आणि लघुही नाही, त्यामुळे या नियमांतून सुटका नाही. आम्ही सगळे नियम पाळतो. अगदी मुदतीत पाळतो, म्हणजे शेवटची वाढवून मिळालेली मुदत असते तिच्या आत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर आमच्या नावापुढे काहीही लाल नाही. आणि बाजारात गेलेली एकही रिकामी पिशवी आम्ही आजवर परत उचललेली नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या लेखकाने कारखान्याच्या आत येऊन पाहिले असते, तर लेख निराळा झाला असता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये प्लास्टिकच्या वेष्टनांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारी मार्गदर्शक तत्त्वे आली, तेव्हा साहेबांनी फाइल माझ्या टेबलावर ठेवली. ‘जीएसटीसारखंच आहे, तुला जमेल.’ जबाबदारी २०२१-२२ साठी २५ टक्के, पुढच्या वर्षी ७०, त्याच्या पुढच्या वर्षी १००. माझ्या मुलाचे गणिताचे मार्क असे कधी वाढले नाहीत. पण हे टक्के कशाचे, तर आधीच्या दोन वर्षांत घेतलेल्या प्लास्टिकच्या सरासरी वजनाचे. इथे माझे गाडे अडले. आमच्या खरेदीच्या नोंदी पिशव्यांच्या नगांवर. वजन कुणी लिहिलेच नव्हते.

मग प्रयोगशाळेतला छोटा काटा मागून आणला आणि तीन दिवस रिकाम्या पिशव्या तोलत बसले. रिफिलची पिशवी कापायची, धुवायची, पुसून वाळवायची, मगच तोलायची. आत थेंब राहिला तरी आकडा बदलतो. पिशवी ७ ग्रॅम. तिचे बूच वेगळे तोलायचे, कारण बूच कडक प्लास्टिक, म्हणजे पहिल्या वर्गात. पिशवी मऊ, ती दुसऱ्यात. पण तिच्या थरांमध्ये प्लास्टिकखेरीज दुसरे काही असेल तर तिसऱ्यात. आमची पिशवी आतून चकचकीत. ही चकाकी ॲल्युमिनियमच्या फॉइलची की नुसता मुलामा, हे विचारायला पिशवीवाल्याला चार फोन केले. पहिल्यांदा तो म्हणाला, ‘चमकतंय म्हणजे फॉइलच असणार मॅडम.’ चौथ्यांदा लेटरहेडवर लिहून दिले की फॉइल आहे. तोपर्यंत माझे अर्धे तक्ते दुसऱ्या वर्गात भरून झाले होते.

एवढे सगळे इमानदारीने केल्यावर मला वाटले, आता खरे काम सुरू होणार. कुठून तरी पिशव्या गोळा होणार, गाड्या येणार. झाले काय, तर मार्चमध्ये एका सल्लागाराचा फोन आला. किती टन आणि कुठला वर्ग, एवढेच त्याने विचारले. दुपारच्या चहाच्या आत, तेवढ्या प्लास्टिकवर प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रे आमच्या खात्यात जमा. मी भीत भीत विचारले, हे प्लास्टिक नेमके गोळा कुठे झाले? तो हसला. म्हणाला, ‘मॅडम, तुम्हाला प्लास्टिक हवंय की सर्टिफिकेट?’

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हे पत्र आहे.

गेल्या वर्षी आमच्या कारखान्याच्या पत्त्यावर पोस्टाने एक पार्सल आले. जुन्या साडीच्या कापडात शिवलेले, वर शाईने नाव-पत्ता. पाठवणारे एक निवृत्त शिक्षक. आत आमच्याच ४१ रिकाम्या पिशव्या. धुतलेल्या, वाळवलेल्या, एकसारख्या घड्या घालून दहा-दहाचे गठ्ठे दोऱ्याने बांधलेले, वर एक सुटी. सोबत पत्र : ‘आपल्या पिशवीवर, रिकामी पिशवी योग्य ठिकाणी टाकावी, असे छापले आहे. पुष्कळ शोध घेतला. कचऱ्याची गाडी ओल्यात टाकते, भंगारवाला घेत नाही. योग्य ठिकाण म्हणून शेवटी आपलाच पत्ता सापडला. पोच द्यावी.’

संपादकसाहेब, कायद्याच्या मनात जो आदर्श ग्राहक असेल ना, तो हाच. आणि त्याचे पार्सल घ्यायची सोय आमच्याकडे नव्हती.

वॉचमनने इनवर्डला नोंद करायला नकार दिला, सोबत चलन नाही म्हणून. स्टोअरचे म्हणणे, हा कच्चा माल नाही, तयार माल नाही आणि विक्रीतून परत आलेला मालही नाही, मग लिहू कशात? क्वालिटीवाल्यांना वाटले, गळक्या पिशव्यांची तक्रार आली. त्यांनी ४१ पिशव्या उजेडात धरून पाहिल्या आणि ‘दोष नाही’ असा शेरा मारून परत पाठवल्या. सरतेशेवटी ते गाठोडे माझ्याकडे आले. ‘कचऱ्याचं तू बघतेस ना?’

मी ते तोलले. २८७ ग्रॅम. आमच्या स्वतःच्या मालाचे, आमच्या स्वतःच्या गिऱ्हाइकाने परत केलेले हे पहिलेवहिले प्लास्टिक, आणि ते पोर्टलवर कुठेच दाखवता येत नाही. तिथे चालते ते नोंदणी झालेल्या प्रक्रियादाराचे प्रमाणपत्र. अशा एकाला फोन केला. तो म्हणाला, किमान गाडीभर तरी द्या, आणि फॉइलची पिशवी असेल तर तीही नको.

शिक्षकांच्या पत्राला मी चार ओळींचे उत्तर तयार केले होते. साहेबांनी कागद बाजूला ठेवला. ‘पोच देऊ नकोस. उद्या सगळेच पाठवायला लागतील.’

सगळेच पाठवायला लागतील! अहो, नियमाचे नाव ‘विस्तारित उत्पादक जबाबदारी’ आहे ना?

प्रमाणपत्राचा सगळाच बाजार खोटा आहे, असे मी म्हणत नाही. बाटल्या, कॅन असा कडक माल आधीपासून विकला जातो, त्याला भाव आहे, तो उचलणाऱ्याला आता चार पैसे जास्त मिळत असतील. एका वर्गातली शिल्लक दुसऱ्या वर्गात वळवता येत नाही, हेही ज्याने लिहिले त्याने डोके लावून लिहिले आहे. नाहीतर सगळ्यांनी बाटल्यांच्या जोरावर पिशव्या खपवल्या असत्या. पण पिशवीचे पुढे काय होते? पुनर्चक्रण ज्याचे होत नाही ते सिमेंटच्या भट्टीत गेले, रस्त्यात गेले, तेल करायला गेले, तरी नियमाला चालते. आणि ते गेले की नाही, हे त्या कागदावरून मला कळणार कसे? २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत लाखांनी बनावट प्रमाणपत्रे सापडली. त्या बातमीला तुम्ही किती जागा दिलीत, ते कात्रण माझ्याकडे आहे. काडेपेटीवर मावेल एवढे आहे.

तुमच्या लेखकाने जर्मनीचे गोडवे गायले आहेत. गावेत. १९९१ चा त्यांचा वेष्टनांचा कायदा, वेष्टनावर छापायचा त्यांचा तो हिरवा ठिपका. पण त्या ठिपक्याचा अर्थ उत्पादकाने कचरा गोळा करणाऱ्या व्यवस्थेची वर्गणी भरली आहे, एवढाच होता. वेष्टनाचे पुनर्चक्रण होते असा नव्हे. पुष्कळ जर्मन लोकांचाही तसाच समज होता म्हणतात. म्हणजे आमच्या साहेबांना तिथेही करमले असते.

आता जुलै २०२५ पासून वेष्टनावर क्यूआर कोड, बारकोड किंवा क्रमांक देऊन माहिती द्यायची आहे. आम्ही कोड छापला. परवा मी तो मोबाइलवर स्कॅन करून पाहिला. आमचा नोंदणी क्रमांक आला, प्लास्टिकची जाडी आली. रिकामी पिशवी कुठे द्यायची, ते नाही आले.

ते गाठोडे अजून माझ्या टेबलाखाली आहे. झाडणाऱ्या मावशी दर शनिवारी विचारतात, ‘ताई, टाकू का हे?’ मी नको म्हणते. त्या शिक्षकांनी तुमचा कालचा लेख वाचला असेल तर या पत्रातून त्यांना पोच मिळावी : पार्सल पोचले. ४१ नग, दोष नाही.

नोकरी टिकवायची आहे, तरी माझे नाव छापू नये.

आपली,
एक वाचक

ता. क. : गेल्या रविवारी तुमच्या पहिल्या पानावर जाहिरातीसोबत शाम्पूची पुडी चिकटवलेली होती. काढताना पाण्याच्या टंचाईची बातमी मधोमध फाटली, ती अर्धीच वाचली. पुडी रिकामी करून सवयीने काट्यावर ठेवली. एक ग्रॅमच्या जरा वर. तुमचा खप तुम्ही अधूनमधून मोठ्या अभिमानाने छापताच, तेवढा गुणाकार करून पाहा. वर्ग दुसरा की तिसरा, ते मात्र पुडीवाल्याला विचारावे लागेल. चार फोन करा.