आईचा हात, झेरॉक्स

नारायण पेठ, पुणे
रविवार दुपार

सुमे,

काल तुझा फोन उचलला नाही कारण दोन्ही हात फेव्हिकॉलने बरबटले होते, खरंच सांगते. आईने जुने दिवाळी अंक रद्दीत काढले, रद्दीवाला काटा घेऊन दारात, आणि मी मधे पडून वीसेक अंक वाचवले. वाचवले म्हणजे काय, कापायलाच!

हे खूळ वांगेची मुटू नावाच्या कोलाज करणाऱ्या चित्रकार बाईमुळे. तिचा जन्म नैरोबीचा, १९७२ चा, पुढे न्यूयॉर्कला गेली. फॅशन मासिकं, नॅशनल जिओग्राफिक असलं काय काय कापून ती बायका तयार करते. २००६ ची तिची बारा कोलाजची एक सिरीज आहे, गर्भाशयाच्या गाठींची जुनी मेडिकल चित्रं घेऊन त्यांच्यावरच डोळे-ओठ चिकटवलेत, म्हणजे गाठीचाच चेहरा. मी आधी ई केलं. मग लक्षात आलं, अगं हे ओठ तर मासिकाच्या गुळगुळीत पानावर असते तर आपण लिपस्टिकचा शेड विचारला असता. तिथे छान आणि इथे ई, का?

आणि ही नुसती कात्रीवाली नाही हं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या दर्शनी भिंतीतले कोनाडे १९०२ पासून रिकामे होते, २०१९ मध्ये तिथे हिने केलेल्या ब्राँझच्या चार बायका बसल्या. (आपल्याकडे कोनाडा इतकी वर्षं रिकामा राहिला असता होय, दुसऱ्या दिवशी कुणीतरी गणपती ठेवला असता.)

तर मी चित्रकार रघुवीर मुळगावकरांचं एक मुखपृष्ठ घेतलं आणि कात्रीच चालेना. काय ते नाक, काय ते डोळे! शेवटी चेहरा सोडला आणि सगळ्या अंकांतले फक्त हात कापत सुटले, मुळगावकरांचे, दीनानाथ दलालांचे, जाहिरातीतलेसुद्धा. टेबलावर मांडले तर निरांजन, फुलांची परडी, पूजेचं तबक, आरसा. लाटणं कुठे नाही, कढईचा डाग नाही, नखात कणीक नाही. मला चित्रं आवडतात गं, अजूनही आवडतात, पण हे हात बघून जरा राग आलाच.

आई चहा घेऊन आली, म्हणाली, "एवढ्या सुंदर बायकांचं काय केलंस हे!" मग बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "माझा घे की हात."

मग काय, अप्पा बळवंत चौकात गेलो, आईने झेरॉक्सच्या काचेवर हात ठेवला, बांगड्यांसकट, आणि तो पोरगा म्हणतो, "काकू, हलवू नका हं." कुकरचा तो जुना चटका पण आलाय बघ स्पष्ट. फक्त त्या नाजूक बाईच्या अंगाला हा हात भलताच मोठा होतोय, लहान कॉपी काढायला आई तयार नाही, "आहे तेवढाच लाव" म्हणते.

येत्या रविवारी येशील तेव्हा तुझी ती नखांची बारीक कात्री आण. बांगड्यांच्या मधलं मला कापता येत नाहीये.

तुझी,
मनी