नागपूर-मुंबई विमानाने 'एका तासात', असं कृपया छापू नका

मा. संपादक,
स. न.

नागपूर-मुंबई विमानाने तासाभरात, असं पेपरात आणि मोबाईलवर सगळीकडे वाचायला मिळतं आणि लोक खरंच त्यावर विसंबून पुढचं कनेक्टिंग विमान किंवा टाटा हॉस्पिटलची अपॉइंटमेंट ठरवतात, म्हणून हे पत्र.

हवाई अंतर सरळ रेषेत साधारण ६९० किमी आहे, ते बरोबरच आहे. पण त्याला ताशी ८०० ने भागलं की झाला प्रवास, असं होत नाही ना. विमान वर चढायला वीसेक मिनिटं घेतं, उतरायला तेवढीच किंवा जास्तच, म्हणजे एवढ्या जवळच्या प्रवासात पूर्ण स्पीडने उडायला वेळ मिळतो तो थोडाच. त्यात हिवाळ्यात वरचं वारं पश्चिमेकडून येतं, म्हणजे मुंबईकडे जाताना समोरून. कंपनीच्या टाइमटेबलमध्ये दीड ते पावणेदोन तास असतात ते उगाच नाही, त्यात विमान जागेवरून मागे ढकलल्यापासून मुंबईत पार्किंगला लागेपर्यंतचा सगळा वेळ धरलेला असतो.

आणि मुंबईचं काय सांगावं! तिथे धावपट्ट्या दोन आहेत पण त्या एकमेकींना छेदतात त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, मग गर्दीच्या वेळी आपलं विमान वर घिरट्या घालत बसतं आणि खाली न्यायला आलेली मंडळी ताटकळत राहतात. शिवाय बॅग द्यायचं काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणजे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर त्याच्याही आधी पोचायला हवं, नंतर मुंबईत सामान येईपर्यंतचा वेळ, मग अंधेरीपासून पुढचं ट्रॅफिक. घरापासून घरापर्यंत पाच-सहा तास धरूनच चाला. तरीही रेल्वेच्या रात्रभराच्या प्रवासापेक्षा पेशंटला हे कितीतरी सोपं आहे, विमान नको असं मी मुळीच म्हणत नाहीये, फक्त वेळ खरा सांगा.

आता नवी मुंबईचं विमानतळही सुरू झालंय. दोन्हीचे तिकिटावरचे तीन अक्षरी कोड वेगळे, पण तिकीट काढताना माणूस 'मुंबई' एवढंच वाचतो. एकीकडे उतरून पुढचं विमान दुसरीकडून असेल तर रस्त्याने पस्तीस-चाळीस किमी जावं लागतं, तेही मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये, सोबत म्हातारे आईवडील आणि बॅगा असतील तर विचारूच नका. तिकिटावर विमानतळाचं पूर्ण नाव आणि टर्मिनल ठळक अक्षरात, मराठीतूनसुद्धा, यायलाच हवं.

आपल्या पेपरात विमानांच्या बातम्या येतात तेव्हा निदान टाइमटेबलमधला वेळ आणि कोणतं विमानतळ एवढं तरी द्यावं ही कळकळीची विनंती. मुंबईत विमान बदलणाऱ्यांनी मध्ये किमान चार तास ठेवावेत, विमानतळ बदलत असेल तर त्याहून जास्त.

आपला,
एक वाचक, नागपूर