बाबांच्या पायातली चप्पल

पुणे, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या कमरेच्या ऑपरेशनचा विषय काढला की बाबा "हंगाम होऊ दे, मग बघू" म्हणतात आणि आई, तू गप्प होतेस. म्हणून लिहायला बसले. जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून हे दोघांनी मिळून वाचा.

भाऊबीजेच्या सकाळी बाबा बागेकडं निघाले होते. मी पडवीत शेंगा निवडत होते. पाच-सहा पावलांवर डाव्या पायातली चप्पल मागं राहिली आणि बाबा तसेच पुढं चालत गेले. मी हाक मारली तेव्हा त्यांनी खाली बघितलं. "पट्टा सैल झालाय," म्हणाले. पट्टा सैल नव्हता, मी हातात घेऊन बघितला. नंतर तुम्हाला टाचांवर चालायला लावलं, आठवतंय? उजव्या पायाची बोटं वर उचलली गेली, डाव्या पायाची अर्ध्यातच खाली आली. अंगठा वर करा म्हणून मी त्यावर नुसती करंगळी टेकवली, तर तेवढ्या भारानंही तो वर येईना. त्या रात्री मला झोप लागली नाही.

सप्टेंबरात डीएपी खताचं ५० किलोचं पोतं उचलताना कमरेत कळ आली, ती ढुंगणातून पोटरीत, पोटरीतून अंगठ्यापर्यंत उतरली. तेव्हा ऑपरेशनची घाई करू नका असं मीच सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. अशी नस दाबली गेलेले बहुतेक रुग्ण गोळ्या, थोडी विश्रांती, हळूहळू चालणं आणि व्यायाम यांवर सहा ते बारा आठवड्यांत बरे होतात. मणक्यामधल्या गादीचा बाहेर आलेला तुकडा शरीर स्वतःच जिरवतं, कितीदा तर मोठा तुकडाच आधी जिरतो. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून इतकी वर्षं उभी राहूनही मी हेच सांगते. पण बाबा, दुखण्याला जेवढा वेळ देता येतो तेवढा पायातली ताकद जायला लागल्यावर देता येत नाही. नस जितके दिवस दबून राहील तितकी ती भरून यायची आशा कमी होते. द्राक्षं मार्चमध्ये उतरतील. तोवर थांबायला मी हो म्हणणार नाही.

गावात सगळे "मणक्यात गॅप पडलाय" म्हणतात, त्यानं माणूस जास्तच घाबरतो. खरं काय झालंय ते सांगते. दोन मणक्यांच्या मध्ये एक गादी असते. बाहेरून चिवट कडं आणि आत मऊ गर. पिकलेला द्राक्षाचा मणी चिमटीत दाबला की साल फाटून गर कसा बाहेर येतो, तसा तुमच्या कमरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधल्या गादीचा गर मागं डाव्या बाजूला आलाय. तिथून जाणारी नस पायाचा पंजा आणि अंगठा वर उचलते. पायाच्या वरच्या बाजूची जाणीवही तीच आणते, म्हणून चप्पल निसटल्याचं कळलं नाही.

त्या आधीच्या दवाखान्यात एमआरआय बघून "तीन ठिकाणी गाद्या खराब आहेत, रॉड-स्क्रू टाकावे लागतील" असं सांगितलं, तेव्हा आई, तू तिथंच रडलीस. मला त्याचा अजून राग येतो. साठीच्या, अजिबात पाठ न दुखणाऱ्या शंभर माणसांचा एमआरआय काढला तरी साठ-सत्तर जणांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात. पांढऱ्या केसांसारखंच आहे ते. फोटोत दिसणारं प्रत्येक फुगणं कापायचं नसतं. दुखणं, पायाची कमजोरी आणि फोटो तिन्ही एकाच नसेकडं बोट दाखवतात का, हे बघायचं असतं. बाबांच्या बाबतीत ते एकाच जागी जुळतंय. पुढं-मागं वाकवून काढलेल्या एक्स-रेत मणका सरकत नाही, मग स्क्रू कशासाठी? मिरजेतल्या दुसऱ्या डॉक्टरांनी हेच सांगितलं. आणि तो पाय ओढून मणका "बसवणारा" माणूस परत घरी येता कामा नये. फाटलेल्या गादीवर असला हिसका फार महागात पडतो.

थोरल्या काकांचं ऑपरेशन तुमच्या डोळ्यासमोर आहे, मला माहीत आहे. वीतभर चीर, महिनोन्महिने अंथरूण, नंतर काठी. ती भीती खोटी नाही. गादीचा तुकडा नसेवर दाबतो म्हणून पाय दुखतो, हे बोस्टनच्या मिक्सटर आणि बार या डॉक्टरांनी १९३४ साली मांडलं. तेव्हापासून कितीतरी वर्षं पाठीचे स्नायू हाडापासून सोडवूनच आत जावं लागायचं. १९७७ च्या सुमारास मायक्रोस्कोप आला, १९९७ मध्ये नळीतून करायची पद्धत आली. आम्ही आता करतो ती ही नळीची.

त्यात काय होतं ते जवळून बघितलेलं सांगते. भूल दिल्यावर रुग्णाला पालथं झोपवतो, पोट मोकळं लोंबेल अशा चौकटीवर, म्हणजे शिरांवर दाब येत नाही आणि रक्त कमी जातं. एक्स-रेच्या मशिनवर मणका मोजून खूण करतात. चुकीच्या मणक्यावर जाऊ नये म्हणून आमचे सर परत परत मोजतात. मग मध्याच्या जरा बाजूला दोन सेंटीमीटरची चीर. आधी पेन्सिलीएवढी नळी, तिच्यावरून जाड, त्यावर अजून जाड. स्नायूचे तंतू कापायचे नाहीत, ऊस बाजूला सारत सरीतून वाट काढतो तसे नुसते सारायचे. शेवटची नळी साधारण १८ मिलिमीटरची. तिच्यातून मायक्रोस्कोपखाली हाडाची किंचित कड घासतात, पिवळट पडदा उघडतात आणि नस दिसते.

दबलेली नस चपटी आणि लालसर, ताणलेली असते. सर ती हलक्या हातानं बाजूला धरतात, बारीक चिमट्यानं तुकडा पकडतात, आणि तो माझ्या हातातल्या वाटीत पडतो. शहाळ्यातल्या मलईच्या तुकड्यासारखा, पांढरा, चिवट, कधी बोटाच्या पेराएवढा. एवढासा तुकडा माणसाला दोन महिने कुशीवर वळू देत नाही! तो निघाला की नस सैल पडते, तिच्यात रक्त भरताना दिसतं. सगळी गादी काढत नाहीत, सुटलेला भाग तेवढाच. तास-दीड तासाचं काम. बरेच जण त्याच संध्याकाळी धरून उभे राहतात, एक-दोन दिवसांत घरी जातात.

आता जे लपवायचं नाही तेही लिहिते. चीर छोटी म्हणून निकाल आपोआप मोठा लागतो असं नाही. नेदरलँड्समध्ये नळीची पद्धत आणि नेहमीची मायक्रोस्कोपची पद्धत यांची तुलना झाली, २००९ साली छापून आली, आणि वर्षानंतर नळीवाले काही पुढं निघाले नाहीत. म्हणून डॉक्टरांनी जी पद्धत निवडली असेल त्यावर अडून बसू नका. त्यांचा हात कुठल्या पद्धतीत बसलाय ते महत्त्वाचं. शंभरातल्या पाच ते दहा जणांना पुढं कधीतरी तिथूनच परत तुकडा येऊ शकतो. नसेभोवतीच्या पातळ आवरणाला छिद्र पडणं, जखमेत पू होणं, हे क्वचित पण घडतं. पायातली कळ सहसा लवकर जाते. बधिरपणा आणि ताकद मात्र महिने घेतात आणि थोडी उणीव राहूही शकते. नुसती कंबरदुखी या ऑपरेशननं जाईलच असं नाही. हे सगळं धरूनही मी माझ्या बाबांसाठी हो म्हणते.

तंबाखू आजपासून बंद, बाबा. गादीला आधीच रक्त कमी मिळतं, तंबाखूनं तेही आखडतं आणि जखम भरायला वेळ लागतो. हृदयाची ती रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे हे डॉक्टरांना आठवणीनं सांगायचं, मनानं बंद करायची नाही. आणि आई, हे तुझ्यासाठी: रात्री-अपरात्री लघवी अडकली, किंवा बैठकीची जागा बधिर झाली, किंवा दोन्ही पाय लुळे वाटले, तर सकाळची वाट बघायची नाही. तशीच गाडी काढून मिरज गाठायची आणि वाटेतून मला फोन करायचा. त्यात तासांचा हिशेब असतो.

बागेचं मी धाकट्या काकांशी बोलले. डाऊनी रोगाच्या फवारण्या, विरळणी, मजूर सगळं ते बघतील. "माझ्या बागेला दादानं दोन हंगाम पाणी दिलंय," एवढंच म्हणाले. सहा आठवडे ट्रॅक्टरवर बसायचं नाही, वाकायचं नाही, पाण्याची घागरसुद्धा उचलायची नाही. पण बांधावरून चालायचं, रोज थोडं जास्त. घडांत साखर भरायला लागेल तोवर तुम्ही स्वतः बागेत फिरत असाल. पैशांची काळजी नको, माझ्या नोकरीच्या विम्यात तुम्ही दोघं आहात.

आणि मिरज आपल्याला परकी कुठं आहे? वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी तिथं मिशन दवाखाना १८९४ मध्येच काढला होता. आजी बैलगाडीनं तिथं गेल्याचं सांगायची. आपल्याला तर तासाभराचा रस्ता.

मी शुक्रवारी रात्री मिरजेला उतरते, शनिवारी सकाळी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. आई, एमआरआयचे फोटो गुंडाळू नकोस, कपाटावर सपाट ठेव. आणि बाबांच्या डाव्या पायाचं माप सुतळीनं घेऊन मला फोनवर सांग. मागून पट्टा असलेली चप्पल आणते.

तुमची लेक