मॉरिशसच्या पाहुण्यांना त्यांची वाडी सापडू दे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी चिपळूण तालुक्यातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आजोबांकडून लहानपणी मोडी शिकले, त्यामुळे जुना कागद हाती लागला की गावातली माणसं तो घेऊन माझ्या ओटीवर येतात. कधी जमिनीचा वाद असतो, कधी कुणाला जातीचा दाखला काढायचा असतो. गेल्या माघात सरपंचांनी पाठवलेल्या पाहुण्या मात्र वेगळ्याच निघाल्या. मॉरिशसहून आलेल्या एक बाई, वय साठीच्या आसपास, बरोबर कॉलेजात जाणारी भाची. हातात प्लास्टिकच्या पाकिटात जपलेला एकच कागद.

बाईंच्या खापरपणजोबांची ती नोंद होती. मॉरिशसला मोका इथे महात्मा गांधी संस्था आहे. तिथल्या दप्तरखान्यात गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या सांभाळून ठेवल्या आहेत, त्यातला हा उतारा. नाव, बापाचं नाव, जात, वय २२, उंची, जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख. ओळखीच्या खुणेच्या रकान्यात 'उजव्या भुवईवर व्रण'. फोटो काढून ठेवायची पद्धत तिथे १८६० च्या दशकात सुरू झाली आणि हा माणूस त्याआधी गेलेला, म्हणजे बाईंच्या घराण्याकडे त्याचा चेहरा म्हणून तेवढा व्रणच आहे. आडनाव नाही. कारकुनाने नाव विचारलं, याने स्वतःचं आणि बापाचं सांगितलं, आणि पुढच्या पिढ्यांना त्या पहिल्या नावाचंच आडनाव झालं. तिथल्या कितीतरी मराठी घरांचं असंच झालं आहे.

शेवटचे रकाने गावाचे. जिल्हा रत्नागिरी, तालुका अंजनवेल, आणि खाली गावाचं नाव. ते ऐकू आलं तसं इंग्रजीत उतरवलेलं, त्यामुळे ळ कुठला, ल कुठला, ड की र, काही उमगत नाही.

तालुका अंजनवेल म्हणून या दोघी आधी अंजनवेलला गेल्या होत्या. गुहागरला उतरायचं, रिक्षा करायची, गोपाळगडाच्या खाली घरोघर तो कागद दाखवायचा, असे दोन दिवस. माणसांनी चहा दिला, शहाळी दिली, पण गाव कुठून सापडणार? एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी जिल्ह्याचे तालुके सुवर्णदुर्ग, अंजनवेल, विजयदुर्ग अशा किल्ल्यांच्या नावांनी ओळखले जात. त्या वेळच्या अंजनवेल तालुक्यात आजच्या चिपळूण-गुहागरकडची कितीतरी गावं होती. त्या माणसाने अंजनवेल पाहिलंही नसेल कदाचित. हे सांगणारं त्यांना मुंबईत कुणी भेटलं नाही आणि रत्नागिरीतही नाही. तिसऱ्या दिवशी एका कचेरीत गेल्या, तर 'अर्ज करा, कळवू' एवढंच उत्तर मिळालं. परतीचं विमान आठ दिवसांवर आलेलं. अर्जाचं उत्तर आजतागायत आलेलं नाही. त्या कचेरीतल्या माणसांवर माझा राग नाही, त्यांना याबद्दल कुणी काही सांगितलेलंच नाही. म्हणून हे पत्र मी कचेरीला न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

साहेब, ही एका बाईची गोष्ट नाही. १८३५ मध्ये मॉरिशसमध्ये गुलामगिरी संपली आणि उसाच्या मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे झाले. १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारावर माणसं नेणं सुरू झालं होतं. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांवर माणसं पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. या धक्क्याला पूर्वी कुली घाट म्हणत, आता आप्रवासी घाट म्हणतात. डेपोत चढायच्या पायऱ्या तिथे आजही आहेत आणि २००६ पासून ती जागा जागतिक वारसा आहे. बहुतेक माणसं कलकत्त्याहून आणि मद्रासहून गेली. मुंबईहून गेलेली त्या मानाने थोडी, पण त्यांत आपल्या रत्नागिरीची, सावंतवाडीची, घाटावरच्या सातारा-कोल्हापूरकडची माणसं होती. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, गावात भाताचे दोन चोंढे, तेही अर्धेलीने, म्हणजे अर्धं पीक खोताला, घरात खाणारी तोंडं आठ. कोकणी माणूस तेव्हाही पोटासाठी मुंबईचीच वाट धरायचा. काहींची वाट मुंबईला थांबली नाही, एवढंच.

गेलेल्यांनी काय काय धरून ठेवलं ते पाहिलं की गलबलून येतं. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मुलं शाळेत मराठी शिकतात. बाईंची मराठी पुस्तकी होती, एकेक शब्द जुळवून बोलत होत्या, पण माझ्या अंगणाकडे बोट दाखवून त्या पटकन म्हणाल्या, "खळं!" हा शब्द शाळेतला नव्हता, आजीचा होता. भाचीने मोबाईलवर गणपतीतल्या नाचाचा व्हिडिओ लावला. ते त्याला झाकरी म्हणतात. शेजारची पोरं डोकावली आणि ओरडलीच, "बाई, ही तर आपली जाखडी!" तसंच गोल फिरणं, तसंच एकदम उलटं वळणं. दीडशे वर्षांत दोन्हीकडच्यांची एकदाही भेट नाही, आणि पाय एकाच तालावर पडत होते.

आता माझं म्हणणं. या दोरीचं मॉरिशसकडचं टोक पक्कं आहे. माणूस कधी आला, कुठल्या जहाजाने आला, कुठल्या मळ्यावर गेला, सगळं त्यांनी सांभाळलं आहे. सुटलेलं टोक आपल्याकडचं आहे. आणि ते बांधणं हे आपल्या खात्याचं काम आहे, कारण पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात येतं.

कुणी म्हणेल, केंद्राने केलं की. खरं आहे, मार्च २०२४ मध्ये आपल्या राष्ट्रपती मॉरिशसला गेल्या तेव्हा तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या लोकांना ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचं, कार्ड देण्याची तरतूद जाहीर झाली. चांगलंच झालं. पण कार्डाला वंश भारतीय आहे एवढं दाखवलं की पुरतं. बाईंना हवी होती वाडी. भावकी हवी होती, कुलदैवत हवं होतं. ते दिल्लीतून मिळणार नाही, ते मिळालं तर इथेच मिळेल.

आणि हे शक्य आहे. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली तेव्हा आम्ही काय पाहिलं? तहसील कचेऱ्यांतली, भूमी अभिलेखची कपाटं उघडली. गाव नमुना १४ ची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची, रजिस्टरं, कोतवाल बुकं बाहेर आली. मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. सापडलेल्या नोंदी स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढल्या, ५० लाखांवर नोंदी सापडल्याचं सरकारनेच सांगितलं. म्हणजे यंत्रणा आहे, माणसं आहेत, मनात आणलं तर काही महिन्यांत होतं.

फक्त इथे एक अडचण आहे आणि ती आत्ताच ध्यानात घ्यायला हवी. जो माणूस १८५०-६० च्या सुमारास गेला, तो नंतरच्या जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात सापडणार नाही. सापडतील ते मागे राहिलेले त्याचे भाऊ आणि पुतणे. म्हणून नुसतं नाव शोधून भागणार नाही, बापाचं नाव धरून शोधायला हवं. आणि त्यासाठी कोकणात सगळ्यांत कामाचा कागद म्हणजे बोटखत. खोती गावांत कुठल्या कुळाकडे कुठली जमीन, हे बोटखतात उतरलेलं आहे. कुळाचं नाव, बापाचं नाव, ठिकाणाचं नाव. मी स्वतः एका बोटखताच्या नकलेवरून दोन घरांची सहा पिढ्यांची भावकी जुळवून दिली आहे.

दुसरा साठा सरकारकडे नाहीच, तो खोतांच्या माळ्यावर आहे. खोती कायद्याने गेली, पण दप्तरं घरातच राहिली. चार वर्षांपूर्वी मी असं एक दप्तर पाहिलं. लाल रुमालात बांधलेलं, वर मांजराची पिल्लं झोपलेली. गाठ सोडली तर वरचे कागद वाळवीने जाळीसारखे केलेले, मधले मात्र ताजे, शाई काळीभोर. कुळांच्या याद्या, वसुली, आणि दोन-तीन नावांपुढे मोडीत एकच शब्द, 'परागंदा'. यातलं कोण मुंबईला गेलं, कोण साथीत गेलं आणि कोण जहाजात चढलं, कोण जाणे. पुढच्या पावसाळ्यानंतर मी पुन्हा विचारायला गेले तेव्हा घर पाडून नवीन बांधलं होतं. दप्तर रद्दीत गेलं होतं.

पावसाचं मी वेगळं काय सांगू? २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. १८६४ पासूनचं आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर, तिथली पुस्तकं चिखलात लडबडलेली आम्ही हाताने वेचली. ओला कागद पंख्याखाली पान पान करून वाळवलेला आहे का कुणी मंत्रालयात? पान उलटायला जावं तर बोटाला लगदा येतो. हे काम दहा वर्षांनी करू असं म्हणायची सोय कोकणात नाही.

म्हणून विनंती आहे. महात्मा गांधी संस्थेशी राज्य सरकारने रीतसर बोलावं आणि मुंबईहून गेलेल्यांच्या नोंदींच्या प्रती मागून घ्याव्यात. मुंबई सरकारचा त्या काळचा पत्रव्यवहार एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आपल्याच संचालनालयाकडे आहे, तो त्याच्या शेजारी ठेवून वाचला जावा. मग त्या इंग्रजी नोंदीतलं गावाचं नाव देवनागरीत काय असेल, जुना तालुका कोणता आणि आजचा कोणता, याची एक सूची करावी. हे काम संगणकावर सोडू नये. इथल्या निवृत्त तलाठ्यांना, शिक्षकांना, पोस्टमनना बसवावं, ते वाडीसकट सांगतील. रत्नागिरी जिल्ह्यातून १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे कागदावर 'रत्नागिरी' असलेलं गाव आज मालवण किंवा देवगडचं निघू शकतं. नांदगाव म्हटलं तर एक कणकवलीत, एक मुरुडला. परक्या माणसाने हे कसं ओळखावं? खोतांच्या घरची दप्तरं घेऊन टाकू नयेत, घरी जाऊन स्कॅन करावीत आणि परत द्यावीत, म्हणजे लोक कपाटं उघडतील. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत कोकणातल्याही घराण्यांची नामावळ असते, त्यांच्याशीही बोलावं. आणि रत्नागिरीत एक टेबल, एक माणूस, एवढं तरी लगेच व्हावं. लांबून आलेल्या माणसाला 'अर्ज करा'च्या आधी 'बसा' म्हणणारा.

परदेशातून कुणी आपल्या पूर्वजाच्या शोधात येणं आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा थिबा राजा इथे आणून ठेवला, १८८६ पासून १९१६ ला मरेपर्यंत तो रत्नागिरीत होता. त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली तेव्हा त्याचे वंशज समाधीपाशी आले. राजाचा ठावठिकाणा सापडतो, त्याला राजवाडा असतो. भुवईवर व्रण असलेल्या बावीस वर्षांच्या पोराला आपण सोडून कुणी नाही.

बाईंच्या कागदावरचं गाव मी खूप विचार करून दोन गावांवर आणलं. त्यापलीकडे मला जाता आलं नाही. जायच्या आदल्या दिवशी आम्ही दोन्ही गावांच्या ग्रामदेवतेला गेलो. पहिल्या देवळात गुरवाने नारळ हातात घेतला, गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली आणि मधेच थांबून विचारलं, "कुठल्या वाडीतली म्हणू?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वाडी माहीत नाही हो, दर्यापार गेलेली लेकरं आहेत म्हणा." त्याने तसंच म्हटलं. दुसऱ्या गावातही तसंच म्हणायला लावलं. भाची दोन्ही वेळा रडली.

त्या पुढच्या गणपतीला येणार आहेत, तिकिटं काढली आहेत. दोन गावांतलं त्यांचं कुठलं, ते तोवर मला कळायला हवं. मोडी वाचायला मी मोफत बसेन, रोज बसेन, माझे डोळे अजून चांगले आहेत. आपण कागद उघडून द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. चिपळूण, जि. रत्नागिरी