‘वाया गेला’ हे शब्द मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला नव्वदच्या दशकातल्या रॉक गायकांवरचा लेख काल वाचला आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. निर्वाना बँडचा कर्ट कोबेन मोठा की पर्ल जॅमचा एडी व्हेडर, यावर लेखकाने पाऊण पान घालवलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. हा वाद तीस वर्षं चालू आहे आणि चाहते आहेत तोवर चालेल. माझं भांडण शेवटून दुसऱ्या परिच्छेदाशी आहे. ‘अ‍ॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली व्यसनापायी वाया गेला. मेल्यावर दोन आठवडे कुणाला पत्ताही नव्हता. मागे काही उरलं नाही.’ बस, एवढंच. पुढच्या ओळीत रेडिओहेड सुरू. त्या माणसाच्या आवाजाबद्दल अख्ख्या लेखात एक शब्द नाही.

‘वाया गेलं’ असं आपण नासलेल्या दुधाबद्दल म्हणतो. ज्याचं गाणं आजही लोक ऐकतात, गातात, त्याच्याबद्दल हे शब्द छापताना पुरवणीत कुणालाच काही वाटलं नाही?

आधी चुका सांगते. हा बँड ‘निर्वानाच्या लाटेवर स्वार झाला’ असं लेखात आहे. त्यांचा पहिला अल्बम ‘फेसलिफ्ट’ ऑगस्ट १९९० मध्ये आला आणि निर्वानाचा ‘नेव्हरमाइंड’ आला सप्टेंबर १९९१ मध्ये. लाट यायच्या तेरा महिने आधी ही माणसं पाण्यात होती. मग ‘डर्ट’ आला. जानेवारी १९९४ मध्ये ‘जार ऑफ फ्लाइज’ ही सात गाण्यांची ईपी, म्हणजे पूर्ण अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका, आली आणि अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेली. तोवर कुठल्याही ईपीच्या वाट्याला हे आलं नव्हतं. हे सगळं कुठल्याही साध्या यादीत सापडतं. आणि फोटो! खाली ‘लेन स्टेली (मध्यभागी)’ असं छापलंय आणि वर फोटो आहे आत्ताच्या बँडचा. त्यात स्टेली असणार कसा? २००६ पासून तिथे विल्यम डुवॉल गातोय. तोही उत्तम गातो आणि त्याचंही नाव तुम्ही छापलं नाहीत.

आता आवाजाबद्दल. ते लेखकाने लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. या बँडच्या गाण्यांत मुख्य गायक आणि मागचा साथीदार अशी सरळ वाटणी नाही. स्टेली आणि गिटारवादक जेरी कँट्रेल एकच ओळ दोन वेगळ्या स्वरांवरून गातात आणि बरोबर चालत राहतात. मी मिरजेत ख्याल शिकले. आमच्याकडे मागे बसलेला शिष्य गुरूची जागा उचलतो, पण त्याच स्वरावर. इथे दोघांचे स्वर मुद्दाम वेगळे, आणि कधीकधी त्यांच्यातलं अंतर कानाला टोचेल असं. १९९७ साली सांगलीला होस्टेलवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला कॅसेटच खराब वाटली. मैत्रिणीच्या टेपरेकॉर्डरचं हेड कापसाने, स्पिरिट लावून पुसलं आणि पुन्हा लावली. तेच. तिसऱ्या वेळी समजलं की हे दोन गळे आहेत आणि त्यांना असंच गायचं आहे. त्या रात्री मी कॅसेटची एक बाजू सहा वेळा ऐकली.

स्टुडिओत स्टेली स्वतःच्याच आवाजाचे थर एकावर एक चढवायचा, म्हणून काहीजण म्हणतात की ती सगळी यंत्राची करामत. त्यांनी १० एप्रिल १९९६ चा ब्रुकलिनमधला एमटीव्ही अनप्लग्डचा कार्यक्रम ऐकावा. थर नाहीत, इलेक्ट्रिक गिटारचा गोंगाट नाही. बँड बऱ्याच काळाने लोकांसमोर बसला होता आणि स्टेलीची तब्येत ढासळलेली स्पष्ट दिसते. एका गाण्यात तो शब्द चुकतो, थांबतो, पुन्हा सुरुवात करतो. पण ‘डाउन इन अ होल’मध्ये तो सूर लावतो तो ऐका. अशा शरीरातून असा सूर निघतो, याची नोंद घ्यायची सोडून लेखकाला फक्त सुई दिसली.

आणि ‘कुणाला पत्ताही नव्हता’ या वाक्यावर तर मी गप्प बसूच शकत नाही, कारण मी इथे होते.

मी सिअ‍ॅटलजवळ रेडमंडला राहते. लग्न होऊन आले तेव्हा नवरा दिवसभर ऑफिसात, मला नोकरी करायची परवानगी नाही, गाडी चालवता येत नाही. बसने शहर पालथं घालायचे. हे सगळे बँड ज्या गावातून निघाले तिथेच आपण येऊन पडलो, एवढा एकच आनंद होता. स्टेली गेला ५ एप्रिल २००२ ला, कोबेनच्या बरोब्बर आठ वर्षांनी, त्याच तारखेला. तो घरात मृत सापडला १९ तारखेला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, रेडिओवर कळलं की संध्याकाळी लोक सिअ‍ॅटल सेंटरच्या कारंज्यापाशी जमणार आहेत. नवऱ्याला म्हटलं, मला सोड. तो म्हणाला, कोण गेलं? मी रडायला लागले तसा बिचारा काही न विचारता निघाला.

शंभरेक माणसं असतील. बँडमधले सोबती होते, साउंडगार्डन बँडचा गायक क्रिस कॉर्नेल आला होता. पण मला आठवतात ती इतर माणसं. कागदी कपात मेणबत्ती रोवून उभा असलेला एक जाडजूड माणूस, हाताला ग्रीस तसंच. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि खिशातून दुसरी मेणबत्ती काढून दिली. सोळा-सतरा वर्षांच्या एका मुलीने मांडीवर टेप घेऊन स्टेलीच्या बँडचं ‘नो एक्सक्यूजेस’ लावलं होतं. बॅटऱ्या संपत आलेल्या. गाणं हळूहळू जड व्हायला लागलं, सूर खाली घसरायला लागला. आणि तोवर बरोबर गुणगुणणारी माणसं टेपमागे घसरली नाहीत. त्यांनी मूळचा सूर धरून ठेवला, मुलीने टेप बंद केला, आणि गाणं चालूच राहिलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी अर्धे वरच्या स्वरावर होते, अर्धे खालच्या. माझा गळा खर्जाचा, मी खालच्यात गेले. शब्द मला सगळे येत नव्हते. ग्रीसवाला माणूस माझ्याकडे वळून एकेक ओळ आधी ओठांनी दाखवायचा, मग मी म्हणायचे. परक्या देशात मी पहिल्यांदा कुणाबरोबर गायले ते त्या दिवशी.

एकटा मेला हे खरं आहे. त्याचं दुःख त्या शंभर माणसांना तुमच्या लेखकापेक्षा जास्त होतं. त्याच्या आईने नंतर त्याच्या नावाने निधी उभा केला, हेरॉइनच्या विळख्यातल्या लोकांच्या उपचारांसाठी. २००९ मध्ये बँड नव्या गायकासह उभा राहिला तेव्हा अल्बमचं शीर्षकगीत कँट्रेलने स्टेलीसाठी लिहिलं आणि त्यात पियानो वाजवला तो एल्टन जॉनने. ‘मागे काही उरलं नाही’ असं ज्याच्याबद्दल छापलंत, त्याच्या मागे हे उरलं आहे.

या लेखकांची मोजपट्टीच मला कळत नाही. कोबेन गोळी झाडून गेला म्हणून युगपुरुष, व्हेडर जिवंत आहे म्हणून ‘मवाळ’, स्टेली व्यसनाने गेला म्हणून वाया. तिकिटांच्या मक्तेदारीविरुद्ध १९९४ साली पर्ल जॅमच्या दोघांनी अमेरिकन काँग्रेससमोर साक्ष दिली, ते मवाळ? स्टोन टेंपल पायलट्सना तर लेखात सरळ ‘नक्कल करणारे’ म्हटलंय. त्याच १९९४ मध्ये रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी त्यांना सर्वोत्तम नवा बँड ठरवलं होतं आणि त्याच मासिकाच्या समीक्षकांनी सर्वांत वाईट. आज त्यांच्या गायकाचा, स्कॉट वायलंडचा, आवाज ऐकणारे ऐकतातच. समीक्षकांचा तो निकाल कुणी जपून ठेवलाय?

आणखी एक. ई-पेपरची वर्षाची वर्गणी आम्ही डॉलरमध्ये भरतो, तरी रविवारची पुरवणी आमच्याकडे मंगळवारपर्यंत उघडत नाही. दोनदा कळवलं, दोन्ही वेळा ‘तांत्रिक अडचण’ एवढंच उत्तर आलं. परदेशातल्या वाचकाला पत्रही उशिराच लिहावं लागतं आणि मग ते शिळं म्हणून बाजूला पडतं. हे पत्र तसं टाकू नये.

फोटोची आणि ‘लाटे’ची दुरुस्ती येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात छापावी आणि ‘वाया गेला’ हे शब्द मागे घ्यावेत. दर ५ एप्रिलला तुम्ही कोबेनचा फोटो छापता, तो छापाच. पुढच्या वेळी शेजारी दुसरं नावही द्या. स्टेलीचा वाढदिवस २२ ऑगस्टला असतो, २०१९ साली सिअ‍ॅटलच्या महापौरांनी तो दिवस त्याच्या नावाने जाहीर केला होता. त्या आठवड्यात जागा देत असाल तर त्याच्या गाण्यावर मी स्वतः लिहून पाठवते. किती शब्द हवेत तेवढं कळवा.

आपली,
एक जुनी वाचक
रेडमंड, वॉशिंग्टन राज्य. मूळ गाव मिरज