एआय एजंटने दैनिक खर्च मर्यादा ओलांडून केलेल्या व्यवहारांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले संभाषण अखेरचे समजून मी हे पत्र लिहीत आहे. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. उत्तर मला लेखीच हवे आहे.

आपल्या अ‍ॅपमधील एआय एजंटसाठी (माझ्या वतीने शेअरच्या ऑर्डर आपोआप टाकणारी यंत्रणा) मी ५०,००० रुपयांची दैनिक खर्च मर्यादा भरली होती आणि ती ओटीपी देऊन मंजूरही केली होती. तरीही एजंटने एकाच दिवशी एकाच शेअरमध्ये इंट्राडे (त्याच दिवशी विकून मिटवायच्या) खरेदीच्या सहा ऑर्डर टाकल्या. प्रत्येक ऑर्डरला सुमारे ४८,००० रुपयांचे मार्जिन (सौद्यासाठी आगाऊ ठेवावी लागणारी रक्कम) लागले, म्हणजे स्वतंत्रपणे पाहिली तर प्रत्येक ऑर्डर मर्यादेच्या आत होती, आणि सहा मिळून मात्र २,८८,००० रुपये अडकले. मार्जिन २० टक्के असल्यामुळे बाजारात सौदा १४,४०,००० रुपयांचा उभा राहिला. एवढी रोकड माझ्या खात्यात नव्हतीच. उरलेले मार्जिन आपल्या यंत्रणेने माझ्या तारण ठेवलेल्या शेअरवर दिले. भाव तीन टक्क्यांनी पडला, बाजार बंद होण्याआधी आपल्या आरएमएसने (जोखीम सांभाळणाऱ्या यंत्रणेने) शेअर विकून सौदा आपोआप मिटवला, म्हणजे स्क्वेअर-ऑफ केला, आणि माझे ४३,२०० रुपये गेले. ब्रोकरेज आणि स्क्वेअर-ऑफचे शुल्क त्याहून वेगळे.

यूपीआयवर दिवसाची मर्यादा मोजताना दिवसभरातल्या सर्व रकमांची बेरीज धरली जाते, हे भाजीवाल्याला पैसे देणाऱ्यालाही ठाऊक आहे. आपली यंत्रणा मात्र प्रत्येक ऑर्डर नव्याने तपासते आणि आधीच्या ऑर्डरमध्ये किती रक्कम अडकली आहे ते पाहतच नाही. शिवाय, चार ऑर्डर पूर्ण झाल्याचे दिसताच मी 'एजंट थांबवा' हे बटण दाबले होते. त्याने एजंट थांबला, पण एक्स्चेंजवर प्रलंबित असलेल्या त्याच्या दोन लिमिट ऑर्डर (ठरवलेला किंवा त्याहून चांगला भाव मिळाल्यावरच पूर्ण होणाऱ्या) तशाच राहिल्या आणि नंतर पूर्ण झाल्या. थांबवण्याचे बटण प्रलंबित ऑर्डर रद्द करत नसेल, तर त्या बटणावर विसंबणाऱ्या ग्राहकाची ती उघड फसवणूक आहे.

आता आजच्या फोनविषयी. आपल्या अधिकाऱ्यांनी प्रथम मला विचारले की, मर्यादा ठेवली होती हे ठीक, पण एजंटला ती नीट समजावून सांगितली होती का. मी म्हटले की ती रक्कम मी तुमच्याच अ‍ॅपमध्ये भरली आहे. त्यावर ते म्हणाले, "मॅडम, ते सेटिंग मार्गदर्शक असतं, मर्यादा एजंट पाळतो." मी विचारले की त्याने पाळली नाही तर ऑर्डर अडवते कोण. यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ऑर्डर तुमच्या लॉगिनमधून गेली आहे, म्हणजे ती तुम्हीच टाकली असं धरलं जातं." मी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा त्यांनी मला सांगितले, "घरात कोणाला शेअर बाजाराची माहिती असेल तर त्यांच्याकडे फोन द्या." माझे डिमॅट खाते मी अनेक वर्षे स्वतः सांभाळते आणि त्या खात्याच्या ब्रोकरेजवर आपण इतकी वर्षे कमाई केली आहे. हे वाक्य ज्यांनी उच्चारले त्यांची लेखी माफी मला हवी आहे. संभाषणाचे रेकॉर्डिंग आपल्याकडे आहे, ते ऐकावे.

सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकानुसार एपीआयद्वारे (ब्रोकरच्या यंत्रणेला दुसरे सॉफ्टवेअर जोडून) होणाऱ्या अल्गो, म्हणजे संगणकाने आपोआप केलेल्या, व्यवहारांत ब्रोकर हा मुख्य जबाबदार पक्ष आहे, अशा प्रत्येक ऑर्डरवर ओळखक्रमांक असायला हवा आणि ग्राहकाच्या तक्रारींचे निवारण ब्रोकरनेच करायचे आहे. त्यामुळे 'ऑर्डर तुम्हीच टाकली' हे उत्तर मला मान्य नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या ब्रोकर कंपनीच्या बिघडलेल्या यंत्रणेने सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान केले. भांडवलाच्या ठरलेल्या मर्यादा त्या कंपनीने ऑर्डर पाठवणाऱ्या यंत्रणेला जोडलेल्याच नव्हत्या, हा तेथील नियामकाच्या २०१३ च्या आदेशातील एक प्रमुख ठपका होता. ज्याला रोखायचे त्याच्याच हाती मर्यादा सोपवून चालत नाही, हे एका ब्रोकर कंपनीला ग्राहकाने सांगावे लागते याचा मला मनापासून संताप येतो.

माझे ४३,२०० रुपये, त्या सहा ऑर्डरचे ब्रोकरेज आणि स्क्वेअर-ऑफचे शुल्क परत करावे. मर्यादेची तपासणी आपल्या सर्व्हरवर, ऑर्डर एक्स्चेंजकडे जाण्याआधी व्हावी. तिच्यात दिवसभराची बेरीज आणि प्रलंबित ऑर्डरही धराव्यात, आणि मर्यादा मार्जिनवर लागते की सौद्याच्या पूर्ण रकमेवर, हे ग्राहकाला ती भरतानाच दाखवावे. ग्राहकाने वेगळी संमती दिल्याशिवाय तारण शेअरवरचे मार्जिन एजंटला मिळता कामा नये. दिवसाची बेरीज धरावी हे मी पुन्हा लिहीत आहे, कारण फोनवर ते कोणीही टिपून घेतले नाही.

माझ्या बहिणीचे आणि कार्यालयातील सहकाऱ्यांचे खाते मी आग्रहाने आपल्याकडे उघडून दिले होते. त्या सर्वांना मी एजंट बंद करायला सांगितले आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही, तर मी सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार नोंदवीन, तेथे निकाल लागला नाही तर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन वाद निवारण यंत्रणेकडे जाईन, आणि माझे सर्व शेअर दुसऱ्या ब्रोकरकडे हलवीन. कॉन्ट्रॅक्ट नोट, ऑर्डर बुक आणि मर्यादेच्या सेटिंगचा स्क्रीनशॉट सोबत जोडला आहे.

आपली,
एक खातेदार